जनुकांच्या उंबरठ्यावर : झाक मोनो

दरवर्षी आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र असतं. टिळक झाले, आनंदीबाई जोशी झाल्या, भीमसेनजी झाले. यंदा संपादक मंडळाने मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी एका फ्रेंच शास्त्रज्ञाबद्दल लिहीन. फोनवर पलीकडे जरा शांतता पसरली. मग फराळाबरोबर पचेल एवढं सोपं लिहा, असा प्रेमळ दम मिळाला. तर मंडळी, चकली हातातच असू द्या. आपण सुरुवात करू या.

या माणसाचं नाव झाक मोनो. जन्म ९ फेब्रुवारी १९१०, पॅरिस. १९६५ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळालं, त्यांतले एक. ३१ मे १९७६ रोजी ते गेले, तेव्हा मी नाशिकला प्राथमिक शाळेत पाढे पाठ करत होते. त्यांचा आणि माझा संबंध यायचं खरं तर काहीच कारण नव्हतं. तो आला २००३ साली, आमच्या धाकट्यामुळे.

धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता. बोलत नव्हता, नजरेला नजर देत नव्हता, आनंद झाला की दोन्ही हात पंखांसारखे हलवायचा. आमच्या इकडे मुलं उशिराच बोलतात असं सासूबाई सांगायच्या आणि मीही त्यावर विश्वास ठेवून दिवस ढकलत होते. शेवटी रक्ताची तपासणी झाली आणि निदान आलं : फ्रॅजाइल एक्स. समजावून सांगणाऱ्या बाई फार चांगल्या होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं की याचं जनुक धड आहे, त्यातला मजकूर बरोबर आहे, पण त्याचा प्रमोटर बंद पडला आहे.

मी व्यवसायाने अकाउंटंट. प्रमोटर म्हटलं की मला पुण्यातल्या हाउसिंग सोसायटीचे चीफ प्रमोटर आठवतात. घरी येऊन आधी पोटभर रडले आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या लायब्ररीत गेले. हा प्रमोटर म्हणजे काय, तो कुणी शोधला, हे वाचता वाचता एका नावाशी येऊन थांबले. ते नाव मोनोंचं.

त्यांचे वडील चित्रकार होते आणि आई अमेरिकन, मिलवॉकीची. म्हणजे घरात दोन भाषा, दोन देश. आपल्या मुलांची जी गंमत होते तीच त्यांचीही झाली असणार. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे एक पाय थोडा अधू राहिला, तरी या गृहस्थांनी पुढे डोंगरकडे चढण्याचा छंद जोपासला. बालपण दक्षिणेला समुद्रकाठच्या कान या गावी गेलं आणि १९२८ साली ते शिकायला पॅरिसला आले. जीवशास्त्राइतकंच संगीताचं वेड. चेलो उत्तम वाजवायचे. आयुष्यात संगीतकार व्हावं की शास्त्रज्ञ, हा प्रश्न त्यांना बरीच वर्षं सुटला नव्हता.

१९३४ साली ते 'पुर्क्वा-पा?' नावाच्या जहाजावरून ग्रीनलंडच्या सफरीला गेले. या फ्रेंच नावाचा अर्थ 'का नाही?' असा. १९३६ मध्ये हेच जहाज पुन्हा निघालं, मोनोही निघणार होते. पण बोरिस एफ्रुसी या मित्राने गळ घातली की ग्रीनलंड राहू दे, माझ्याबरोबर कॅलिफोर्नियाला चल आणि जनुकशास्त्र शीक. मोनो त्याच्याबरोबर कॅलटेकला आले. त्या सप्टेंबरात ते जहाज आइसलंडजवळच्या वादळात फुटलं आणि त्यावरचा एकच माणूस वाचला. आपण याला नशीब म्हणतो. मोनो त्याला योगायोग म्हणाले असते. पुढे १९७० साली त्यांनी लिहिलेल्या गाजलेल्या पुस्तकाचं नावही 'योगायोग आणि अपरिहार्यता' अशाच अर्थाचं आहे.

कॅलिफोर्नियात त्यांनी जनुकशास्त्र किती केलं देव जाणे, बाख मात्र भरपूर केला. वाद्यवृंद बसवले, चार पैशांची नोकरीसुद्धा देऊ केली गेली. पण ते पॅरिसला परतले. १९३८ साली त्यांचं ओदेत ब्रूल यांच्याशी लग्न झालं. ओदेत पुरातत्त्वाच्या अभ्यासक, पॅरिसच्या गिमे संग्रहालयाशी संबंधित. आपल्याकडची आणि नेपाळ-तिबेटची शिल्पं ज्या संग्रहालयात आहेत तेच हे. पुढच्या वर्षी त्यांना जुळे मुलगे झाले. ओदेत ज्यू घराण्यातल्या. आणि १९४० साली जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या.

पुढची चार वर्षं मोनोंनी दोन आयुष्यं काढली. दिवसा सोर्बोन विद्यापीठात जिवाणू वाढवायचे आणि बाकीच्या वेळात नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीचं काम करायचे. त्यांच्या प्रयोगशाळेबाहेर पेंढा भरलेला एक जिराफ उभा होता. गुप्त कागदपत्रं ते त्या जिराफाच्या पायाच्या पोकळ हाडांत लपवत, असं त्यांच्या चरित्रांत येतं. सहकारी पकडले जाऊ लागले तेव्हा त्यांना सोर्बोन सोडून पाश्चर संस्थेत, आंद्रे ल्वॉफ यांच्या माळ्यावरच्या प्रयोगशाळेत आसरा घ्यावा लागला. घरी ज्यू बायको, दोन लहानगी मुलं, आणि हा माणूस खोट्या नावाने पॅरिसभर फिरतोय. १९४४ साली पॅरिस मुक्त झालं तोवर ते चळवळीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी एक झाले होते.

आणि याच धामधुमीत त्यांच्या हाती ती गोष्ट लागली, जिच्यामुळे पुढे नोबेल मिळालं.

प्रयोग अगदी साधा होता. एकाच भांड्यात जिवाणूंना दोन प्रकारच्या साखरा दिल्या. मोनोंची अपेक्षा अशी की ते दोन्ही एकदम खातील. पण जिवाणू निघाले आपल्या पोरांसारखे, फराळाच्या ताटातल्या करंज्या आधी संपवायच्या आणि मगच चिवड्याकडे बघायचं! त्यांनी आवडती साखर संपवली, मग वाढ थांबली, थोडा वेळ काहीच नाही, आणि मग दुसऱ्या साखरेवर पुन्हा वाढ सुरू. १९४१ साली या विषयावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. सोर्बोनच्या वरिष्ठांना यात काही राम दिसला नाही. पण मोनोंच्या डोक्यात मधला तो 'थोडा वेळ' अडकून बसला. त्या वेळात जिवाणूच्या आत काय चाललं होतं?

लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवायची तर एक विशिष्ट प्रथिन लागतं. ते करायची कृती जिवाणूच्या जनुकात कायमच असते. मग साखर नसताना ते का तयार होत नाही, आणि साखर आली की कसं तयार होतं? आपल्या आज्जीच्या वहीत अनारशाची कृती वर्षभर असतेच की. पण अनारसे दिवाळीतच होतात. तर ते पान नेमकं कधी उघडायचं, हे कोण ठरवतं?

बरीच वर्षं मोनोंचं मत होतं की साखरच आत जाऊन हुकूम सोडते. युद्धात जबर जखमी झाल्यामुळे सर्जन होण्याचं स्वप्न सोडावं लागलेले फ्रान्स्वा झाकोब १९५० साली ल्वॉफ यांच्याकडे आले, आणि पुढे अमेरिकेहून आर्थर पार्डी आले. या तिघांनी मिळून १९५७ ते १९५९ या काळात केलेल्या प्रयोगांनी मोनोंचं मत साफ उलटं पाडलं. साखर हुकूम देतच नाही. जनुकापाशी एक पहारेकरी बसलेला असतो, तो काम अडवून धरतो. साखर फक्त त्या पहारेकऱ्याला उठवते. पहारेकरी उठला की जनुक आपोआप कामाला लागतं. मला इथे मोनो फार मोठे वाटतात. पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाने वर्षानुवर्षं सांभाळलेली आपली कल्पना पुरावा समोर आल्यावर सोडून दिली.

पुराव्याशी इमान राखायचं, हा त्यांचा स्वभावच होता. युद्धकाळात ते कम्युनिस्ट पक्षात होते. पण सोव्हिएत रशियात लिसेन्को या माणसाने जनुकशास्त्रालाच खोटं ठरवलं आणि खऱ्या शास्त्रज्ञांचा छळ मांडला, तेव्हा मोनोंनी १९४८ साली 'काँबा' या दैनिकात त्याविरुद्ध जाहीर लेख लिहिला. जुने मित्र दुरावले. पण आल्बेर काम्यू हा लेखक त्याच सुमाराला मित्र झाला. पुढे हंगेरीतल्या आन्येस उल्मान या तरुण संशोधक आणि त्यांच्या पतीला त्यांनी १९६० साली तिथून चोरून बाहेर काढायची व्यवस्था केली. एका कॅम्पिंगच्या गाडीत, बाथटबखाली लपवून, सरहद्दीपार ऑस्ट्रियात! सिनेमात दाखवलं तर आपण हसू, पण हे खरं घडलेलं आहे.

आणि याच उल्मानबाई आपल्या गोष्टीत महत्त्वाच्या आहेत. झाकोब आणि मोनो यांनी १९६१ साली आपला सिद्धांत सविस्तर मांडला. त्यात पहारेकऱ्याच्या बसायच्या जागेला ऑपरेटर म्हटलं होतं. पण पहारेकरी नसला तरी काम सुरू करायला कुणीतरी येऊन उभं राहायला हवं, त्याची जागा कुठली? १९६४ साली झाकोब, उल्मान आणि मोनो या तिघांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला आणि जनुकाच्या तोंडाशी असलेल्या त्या जागेला नाव दिलं : प्रमोटर. जनुकाचा मजकूर उतरवून घेणारं यंत्र याच जागी येऊन बसतं आणि कामाला लागतं. ही जागा गेली, की पुढचा मजकूर कितीही शुद्ध असो, तो कुणी वाचतच नाही. मी याला जनुकाचा उंबरठा म्हणते. घर शाबूत, पण उंबरठ्यावर अडसर असेल तर आत जाणार कसं?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जिवाणूंचं झालं, माणसाच्या मेंदूचं काय? मोनोंची पक्की श्रद्धा होती की जिवाणूत जे खरं ठरेल ते हत्तीतही खरं असणार. ते अगदी तंतोतंत खरं नाही. आपल्या पेशींत डीएनए प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, उंबरठ्यापासून लांब असलेल्या जागाही हुकूम देतात, एकेका प्रमोटरवर अनेक प्रथिनांची पंगत बसते. पण मूळ कल्पना टिकली.

विचार करा, आपल्या यकृताच्या पेशीत आणि मेंदूतल्या पेशीत जनुकं तीच, साधारण वीस हजार. तरी एक पेशी पित्त करते आणि दुसरी विचार. कारण कुठले उंबरठे उघडे आणि कुठले बंद, हे पेशीगणिक वेगळं. १९९५ साली शास्त्रज्ञांना रेस्ट नावाचं एक प्रथिन सापडलं. मेंदूबाहेरच्या पेशींत ते मज्जापेशींच्या खास जनुकांपाशी बसून ती बंद ठेवतं. पेशी मज्जापेशी होऊ लागली की रेस्ट कमी होतं आणि ती जनुकं उघडतात. हा तर मोनोंचाच पहारेकरी! आणि मज्जापेशीला संदेश आला की काही जनुकांचे प्रमोटर मिनिटांत जागे होतात. नवं काही शिकून ते कायमचं लक्षात राहायला हे लागतं. मोनोंचेच विद्यार्थी झाँ-पिएर शाँझो पुढे मेंदूकडे वळले. मज्जातंतू स्नायूला जिथे भिडतो तिथला संदेश झेलणारा रेणू त्यांनी १९७० च्या सुमारास वेगळा काढला, आणि नंतर त्या रेणूची जनुकं नेमकी त्या जागीच का जागी होतात, याचाही शोध घेतला.

आमच्या धाकट्याच्या बाबतीत काय झालं ते आता सांगते. एक्स गुणसूत्रावर एफएमआर१ नावाचं जनुक आहे, ते १९९१ साली सापडलं. त्याच्या सुरुवातीला सीजीजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांत पंचेचाळीसपेक्षा कमी वेळा. दोनशेच्या वर गेली की पेशी त्या भागावर मिथाइल नावाच्या रासायनिक टिकल्या लावते आणि प्रमोटर बंद करते. मग मज्जापेशींना लागणारं एक प्रथिन तयारच होत नाही. हे प्रथिन एरवी मज्जापेशींच्या सांध्यांवर नव्या प्रथिनांच्या निर्मितीला लगाम घालतं. लगाम गेला की सांधे नीट घडत नाहीत. आणि पंचावन्न ते दोनशेच्या मधली संख्या असेल, तर जनुक बंद पडत नाही, पण ते जास्तच काम करतं, आणि उतारवयात काहींना हाताला कंप सुटतो, चालताना तोल जातो.

हे चित्र काढून दाखवताना त्या बाईंनी मला सहज विचारलं की माहेरी कुणाला असा कंप आहे का. माझ्या डोळ्यांसमोर एकदम बाबा उभे राहिले. चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरणारे, साठीनंतर काठी घेतलेले बाबा. आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं. तपासणीनंतर कळलं की ते बाबांकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून वाढून धाकट्याकडे आलंय. आणि हेही कळलं की अशा वडिलांच्या प्रत्येक मुलीला ते मिळतंच. मला एकच बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, नाशिकला, आणि त्याच महिन्यात तिचं लग्न ठरलेलं.

मी तिला लगेच फोन केला नाही. हे लिहायला मला आजही जड जातं. तीन आठवडे मी रोज रिसीव्हर उचलायचे आणि ठेवायचे. आई म्हणाली असती, लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. कदाचित मीही तेच म्हटलं असतं. त्या तीन आठवड्यांत मी रात्री मोनोंचं चरित्र वाचत होते. हा माणूस काही माझ्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हता. पण आपल्या माणसांचा राग ओढवेल म्हणून खरं दाबून ठेवायचं नाही, एवढं त्याच्या आयुष्यातून पानोपानी दिसत होतं. चौथ्या आठवड्यात फोन केला.

ते लग्न मोडलं. बहीण दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. तिचा राग मला मान्य होता. सांगितलं म्हणून नव्हे, उशिरा सांगितलं म्हणून ती जास्त चिडली होती, हे तिने नंतर सांगितलं. पुढे तिने सगळं सांगून लग्न केलं, गरोदरपणी तपासण्या करून घेतल्या आणि आज तिची मुलगी कॉलेजात आहे. आमच्या थोरलीने अठरा पूर्ण झाल्यावर स्वतः ठरवून तपासणी केली. तिचा निकाल तिचा आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

मोनोंच्या आयुष्याचा शेवटचा भाग राहिलाच. १९६५ साली झाकोब आणि ल्वॉफ यांच्यासोबत नोबेल मिळाल्यावर ते मखरात बसले नाहीत. १९६८ च्या मे महिन्यात पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा जखमी पोरांना मदत करायला हे अठ्ठावन्न वर्षांचे नोबेलवाले तिथे हजर. १९७१ पासून ते पाश्चर संस्थेचे संचालक झाले. संस्था पैशाने डबघाईला आलेली, आणि हिशेब सावरताना त्यांचं संशोधन सुटलं. १९७२ साली ओदेत गेल्या. त्याच वर्षी बोबिनीच्या गाजलेल्या खटल्यात, मुलीला गर्भपातासाठी मदत करणाऱ्या आईच्या बाजूने साक्ष द्यायला ते उभे राहिले. चार वर्षांनी रक्ताच्या आजाराने, ज्या गावात लहानपण गेलं त्या कानमध्येच, त्यांचं निधन झालं. वय सहासष्ट.

२०१८ साली इथल्याच, नदीपलीकडच्या केंब्रिजमधल्या व्हाइटहेड संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. फ्रॅजाइल एक्स असलेल्या माणसांच्या पेशी घेऊन, त्या मिथाइलच्या टिकल्या नेमक्या तिथल्याच पुसल्या, तर बंद प्रमोटर पुन्हा उघडला आणि त्या पेशींपासून बनवलेल्या मज्जापेशी बऱ्याच अंशी सुधारल्या. हे प्रयोगशाळेतल्या बशीत आणि उंदराच्या मेंदूत, माणसात नव्हे. आमच्या धाकट्याला त्याचा उपयोग होईल अशी खोटी आशा मी धरलेली नाही. तरी तो निबंध मी छापून मोनोंच्या चरित्रात ठेवून दिलाय.

धाकटा आता पंचविशीत आहे. मोजकं बोलतो. गणपतीत आणि दिवाळीत आपल्या हॉलच्या दाराशी कार्यक्रमपत्रिका वाटणारा उंच मुलगा तुम्ही पाहिला असेल, तोच. खूप गर्दी झाली की हात हलवतो. आता तुम्हाला कारण माहीत झालं.

शेवटी एक विनंती. घरात एखादं मूल बोलायला फार उशीर करत असेल, कुणा आजोबांचा हात थरथरत असेल, तर वय झालं किंवा आमच्याकडे असंच असतं म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना विचारा. आणि काही कळलंच, तर बहिणीला त्याच दिवशी फोन करा.

दिवाळीच्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा!